उपासकाळातला सण

ट्रुगानिना, मेलबर्न, १९ मार्च २०२०

मॅथ्यू,

हो, नावाने लिहिते आहे. तेहतीस वर्षं 'अहो' म्हणून हाक मारली. आता त्या हाकेला ओ येत नाही, तर नावाला तरी येते का बघू. मी विमानात बसल्यापासून तुम्ही माझा एकही फोन घेतलेला नाही. म्हणून पेन हातात धरलं. पानांचे फोटो ॲबीला पाठवते आहे. ॲबी, बाळा, तू पप्पांसमोर उभी राहून मोठ्याने वाच. ते पेपर तोंडासमोर धरतील, धरू देत. पेपरने कान झाकत नाहीत.

निघताना तुम्ही जे बोललात ते मला पाठ आहे. "त्या बाईच्या घरात पाऊल टाकलंस तर या घरात परत टाकू नकोस." तर कळवायचं ते असं, की त्या बाईचं नाव ओर्ला आहे. ती आपल्या इयानची लग्नाची बायको आहे, तिला नववा महिना लागलाय, आणि मी तिच्या घरात पाऊल टाकून महिना होऊन गेला. पाय जागेवर आहेत.

आयरिश मुलगी म्हटल्यावर सगळ्यात आधी कोण नाचलं होतं, आठवतंय? तुम्ही. "आयरिश म्हणजे आपल्यापेक्षा कट्टर कॅथलिक," असं सांगत अख्ख्या कॉयरला पेढे वाटलेत. मग कळलं की पोरगी चर्चची पायरी चढत नाही आणि लग्न मेलबर्नच्या एका बागेत झालं, सरकारी परवान्याच्या बाईसमोर. "बागेत लग्नं माकडांची होतात," म्हणालात. तेव्हापासून दोन वर्षं इयानशी बोलणं बंद. रविवारी मिसाला बायबलचं पहिलं वाचन करायला मात्र उभे राहता, तेही खणखणीत आवाजात.

आता परवाची हकीकत ऐका. परवा सतरा तारीख, सेंट पॅट्रिकचा सण. आपल्या वसईत कॅलेंडरावर त्याचं नाव असतं आणि तेवढंच. ईस्टरआधीच्या उपासकाळात येतो, करायचं काय त्याचं. आयरिश लोकांचा मात्र नाताळाखालोखाल तोच. त्या दिवशी कपड्यावर तीन पानांची एक हिरवी डहाळी टाचतात, तिला शॅमरॉक म्हणतात. ओर्लाची आई दर वर्षी कॉर्कहून ती पाकिटात घालून पाठवते आणि इथले सरकारी लोक दर वर्षी जप्त करतात, परदेशी झाडपाला आत येऊ देत नाहीत. म्हणून या खेपेला ओर्लाने नर्सरीतून एक कुंडी आणून मागच्या दारी जपली होती. पोटातल्या बाळाचा पहिला सण म्हणून.

ती मी खुडली. सगळी.

सकाळी मागच्या दारी गेले, तीन-तीन पानांचा कोवळा पाला पाहिला, एक पान चावून बघितलं, आंबट लागलं. आंबुशी! पोरांनी हौसेने भाजी लावलीय असं समजून मी ती तुरीच्या डाळीत घातली, वरून लसणीची फोडणी दिली. ओर्ला स्वयंपाकघरात आली. तिने आधी दाराबाहेरची रिकामी कुंडी बघितली, मग पातेलं बघितलं.

मॅथ्यू, तिच्याकडे बघायची माझी छाती होत नव्हती. आणि ती हसायला लागली. दोन्ही हातांनी पोट धरून, ओट्याला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "आयव्ही, यू कुक्ड सेंट पॅट्रिक!" मग वाडगा घेऊन बसली आणि दोनदा आमटी वाढून घेतली. नंतर इयानने नेटवर शोधलं तर नर्सरीवाल्याने तिला खरी शॅमरॉक दिलीच नव्हती, आंबुशीचीच एक जात दिली होती. म्हणजे मी बरोबर होते. हे मी तिला दोनदा सांगितलं.

या आजारामुळे शहरातले सणाचे कार्यक्रम रद्द झाले होते. आम्ही तिघांनीच घरी केला. कुंडीच्या तळाशी चुकून राहिलेली एक काडी इयानच्या शर्टाला टाचली, ओर्लाने तिच्या गावचं एक गाणं म्हटलं. मला ते सगळं फार आवडलं. उपासकाळात आवडलं, हेही लिहून ठेवते.

आज टीव्हीवर सांगितलं की उद्यापासून देशाच्या सीमा बंद. माझं मे महिन्याचं तिकीट आता देवाच्या हाती. तुम्ही म्हणाल, बरी अद्दल घडली. मला तसं वाटत नाही. सरकारने दार लावायच्या आधी तुम्ही लावलंत, पहिला नंबर तुमचा.

ॲबी, त्यांच्या बीपीच्या गोळ्या कपाटाच्या डाव्या खणात आहेत.

आयव्ही

ट्रुगानिना, २३ ऑगस्ट २०२०

मॅथ्यू,

ॲबीकडून तुमचा निरोप पोचला. पाच महिन्यांत पहिलाच. मला वाटलं, विचारलं असेल कशी आहेस. तर नाही. बाप्तिस्मा झाला का? आणि त्याला जोडून अट: मुलीचा बाप्तिस्मा झाला तर इयानला माफी आणि मला घर. नाही झाला तर मी इथेच राहावं.

उत्तर देते. नोरा पवित्र शनिवारी जन्मली, अकरा एप्रिलला, हे ॲबीने तुम्हाला तेव्हाच सांगितलं. केस काळे, रंग आईचा, नाक तुमचं. त्याला इलाज नाही. इथली चर्चं बंद आहेत. पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी, रात्री आठला संचारबंदी, फादर मोबाइलवरून मिसा करतात. पण ती सबब मी पुढे करणार नाही. चर्चं सताड उघडी असती तरी मूल ओर्लाचं आणि इयानचं आहे. एकतीस वर्षं मी पोरांना षष्ठी विभक्ती शिकवली, कोण कुणाचं ते मला कळतं.

दुसरं कळवायचं ते हे. ओर्ला नर्स आहे. हॉस्पिटलात माणसं कमी पडायला लागली म्हणून बाळंतपणाची रजा मोडून ती आठवड्याला दोन शिफ्ट करायला लागली होती. या महिन्याच्या सुरुवातीला तिला लागण झाली, पाठोपाठ इयानला. दोघं दोन खोल्यांत कोंडलेली, आणि बाहेर मी आणि चार महिन्यांची नोरा. दूध काढून बाटली दाराशी ठेवायची, मी हातमोजे घालून उचलायची. नोराला दोन दिवस ताप होता. उतरला. आता सगळे बरे आहेत. मला काही झालं नाही. मला काय धाड भरलीय?

त्या दोन दिवसांबद्दल याहून जास्त लिहिणार नाही. ॲबी, तूही विचारू नकोस.

घरात सध्या जरा शांत शांत आहे. ओर्ला कामापुरतं बोलते. या आजारात थकवा फार येतो म्हणतात.

तुमच्या अटीबद्दल शेवटचं. त्या घराच्या स्वयंपाकघरातल्या फरश्या मी निवडल्या, विहिरीजवळचा सोनचाफा मी लावला, आणि पश्चिमेची भिंत गळते हे तुम्हाला दर पावसाळ्यात मी सांगते. अटी भाडेकरूंना घालतात. मी भाडेकरू नाही.

आयव्ही

ट्रुगानिना, १८ मार्च २०२१

मॅथ्यू,

काल मी मांस खाल्लं. ॲबी, हे वाक्य दोनदा वाच.

उपासकाळात, भर बुधवारी, डुकराचं, आणि तेही परत वाढून घेऊन. सात वर्षांची असल्यापासून राखेच्या बुधवारनंतर ईस्टरपर्यंत मी कधी मटणाला शिवले नाही. इयानच्या वेळी दिवस भरत आले होते, डॉक्टर ओरडत होते, तेव्हाही नाही. काल शिवले. कुणी आग्रह केला नाही, कुणी फसवलं नाही. पुढ्यात ताट आलं आणि मी जेवले.

तुम्ही आता पेपर खाली ठेवला असेल. ठेवलाच आहे तर ऐका, का ते.

गेले सात महिने ओर्ला आणि मी एका छपराखाली पाहुण्यांसारख्या राहत होतो. प्लीज, थँक यू, नो वरीज. चूक माझी होती. कुठली, ते आज सांगणार नाही. मी तेव्हाच माफी मागितली होती आणि ती "ओके" म्हणाली होती. ओके म्हणजे माफी नव्हे, एवढं इंग्रजी मलाही येतं.

ती चर्चला का जात नाही, हे तुम्ही कधी विचारलंत? मीही नव्हतं विचारलं. गेल्या जानेवारीत तिकडे आयर्लंडात जुन्या आश्रमांबद्दल मोठा सरकारी अहवाल आला, तो टीव्हीवर बघत असताना तिनेच सांगितलं. तिच्या आजीची धाकटी बहीण, ब्रायडी. एकोणिसाव्या वर्षी लग्नाआधी दिवस गेले. घरच्यांनी आणि फादरांनी मिळून तिला नन्सच्या आश्रमात नेऊन ठेवलं. मुलगा झाला. तिला न विचारता त्याचा बाप्तिस्मा केला, न विचारता नाव ठेवलं, आणि न विचारता दुसऱ्यांना देऊन टाकला. ब्रायडी ऐंशी वर्षं जगली. दर रविवारी मिसाला जायची म्हणे, मागच्या बाकावर बसायची. तो मुलगा तिला परत दिसला नाही.

हे सांगून ओर्ला उठली आणि नोराचे कपडे घड्या करायला लागली. मीही शेजारी बसून घड्या केल्या.

आणि मग गेल्या आठवड्यात ती मला म्हणाली, "पॅडीज डेचं जेवण माझ्याबरोबर करशील, आयव्ही? लास्ट इयर यू ओन्ली मेड द सूप." पॅडी म्हणजे पॅट्रिकच. सात महिन्यांनी पहिल्यांदा थट्टा केली तिने माझी. मॅथ्यू, मला तिथेच रडू आलं. मी कांद्याचं निमित्त केलं. कांदा अजून चिरायचा होता.

त्यांचा स्वयंपाक म्हणजे काय विचारू नका. खारवलेलं डुकराचं मांस नुसतं पाण्यात उकडायचं, त्याच पाण्यात कोबी शिजवायचा, बाजूला बटाटे. ना मिरची, ना लसूण, ना आपला मसाला. मी घरच्या मसाल्याची बरणी हातात घेऊन दोनदा पातेल्यापाशी गेले आणि दोनदा परत आले. तिचा सण होता. तिने ते बघितलं आणि एका वेगळ्या पातेलीत थोडं मांस काढून दिलं. "दॅट वन'स युअर्स. गो मॅड." इयानने माझं संपवलं, तिचं मी.

दोन घरं सोडून पुण्याची शैला राहते, शाकाहारी. तिला हिरवं काहीतरी आणायचं एवढंच कळलं होतं, ती पालकाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन आली. तिचा नवरा संजीव गणपतीतला हिरवा कुर्ता घालून. "काकू, मेलबर्नमध्ये वसईवाल्यांकडे आयरिश सण, आणि पुऱ्या पुण्याच्या! कम्माल आहे राव!" टीव्हीवर कॉर्कहून ओर्लाची आई, तिथे सकाळचे आठ, गाऊनवरच. तिची शॅमरॉक या वर्षीही जप्त झाली. नोराने कोबी केसांना चोळला. सगळे एकदम बोलत होते आणि कुणाला कुणाचं कळत नव्हतं, आपल्याकडे चर्चच्या फेस्ताला असतं तसं.

जेवणाआधी प्रार्थना झाली नाही. मी मनात म्हटली. त्यावर कुणाची हरकत नव्हती. मग ओर्लाने आपल्या शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाली, "सिट हिअर, आयव्ही." तिथे बसून समोरचं मांस बाजूला सारायचं, हे मला जमलं नसतं. देवाने त्यासाठी मला जाब विचारला तर मी देईन. तुम्हाला देणार नाही.

आयव्ही

ट्रुगानिना, ११ मे २०२१

ॲबी, हे त्यांच्या कानाशी बसून वाच. सावकाश वाच.

मॅथ्यू,

तुमच्याशी भांडायला पत्र लिहीत होते, आज ते बाजूला ठेवलंय. वसईत बेड नाही, नालासोपाऱ्यात नाही, सिलिंडर मिळाला तो ॲबीच्या कॉलेजातल्या मंडळींनी धावाधाव केली म्हणून. आणि इथून विमान नाही. मी रोज तिकिटाची साइट उघडते, रोज तेच. आयुष्यात कधी इतकी हतबल झाले नव्हते. मला तिथे यायचंय आणि येता येत नाही, एवढंच खरं आहे, बाकी सगळा तोरा आहे माझा.

आज अकरावा दिवस. सकाळ-संध्याकाळ जो आवाज ॲबीला फोनवर सांगत असतो, आता बोटाला यंत्र लाव, आता आकडा सांग, आता मिनिटभर श्वास मोज, आता त्यांना पालथं झोपव आणि उशी छातीखाली सरकव, तो आवाज ओर्लाचा आहे. स्वतःची शिफ्ट करून येते आणि बूट न काढता फोन लावते. ॲबी सांगत होती, तुम्ही दुसऱ्या दिवशी विचारलंत कोण आहे म्हणून, आणि नाव ऐकून तोंड भिंतीकडे फिरवलंत. बरं झालं. त्या कुशीवर वळायचंच होतं.

ओर्लाला हे कळलं. मी लपवायला गेले तर म्हणाली, "इफ ही'ज वेल इनफ टू सल्क, ही'ज इम्प्रूव्हिंग." ज्याच्यात रुसण्याइतकी ताकद आहे तो सुधारतोय.

ऐका. तुमच्या रागाची मला सवय झालीय. तुमच्याशिवाय राहायची झालेली नाही. मरायचं नाही, मॅथ्यू. भांडण अर्धं टाकून जाणारी माणसं मला आवडत नाहीत.

तुमची आयव्ही

ट्रुगानिना, ६ मार्च २०२२

मॅथ्यू,

तुमचं पत्र मिळालं. दोन वर्षांत पहिलं, तुमच्या हातचं, टपालाने आलेलं. पाकिटावरचं अक्षर बघून मी मिनिटभर बाकावर बसले. त्या बाबतीत मला काही लाज नाही.

मग उघडलं. सीमा उघडल्या. मुलीला घेऊन ये. पवित्र शनिवारी संध्याकाळी बाप्तिस्मा करू, फादरांशी बोललोय, केक सांगून ठेवलाय. झालं गेलं विसरून जाऊ.

विसरायला माझी ना नाही. पण दोन्ही पानं मी उलटसुलट वाचली. ओर्लाचं नाव कुठेच नाही. अकरा दिवस तिने तुमचे श्वास मोजले. तुम्ही बरे होऊन चर्चला जायला लागलात, पहिलं वाचन करायला लागलात, ॲबीने व्हिडिओ पाठवला तो मी तिला दाखवला. "हिज लंग्ज साउंड ग्रेट," म्हणाली. आणि तुम्ही तिची मुलगी मागवताय, तिला वगळून. पार्सल मागवावं तशी.

ॲबी, तुझं वाचन इथे संपलं. आता फोन पप्पांच्या हातात दे आणि बाहेर अंगणात जा.

बाप्तिस्मा झालेला आहे, मॅथ्यू. एकोणीस महिन्यांपूर्वी. मी दिला.

ते दोन दिवस मी लिहायचे टाळले होते, ते हे. दुपारचे चार वाजले होते. नोराचा ताप एकशे तीनच्या वर. पॅनाडॉल दिलं होतं. फोनवरच्या नर्सने सांगितलं, लक्ष ठेवा, दूध घ्यायची बंद झाली तर ॲम्ब्युलन्स बोलवा. पोर नुसती पडून होती, रडतही नव्हती. माझा पाठचा भाऊ चार दिवसांचा असताना गेला, तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. बाप्तिस्म्याचं पाणी घालायच्या आधीच गेला. त्याला कुठे पुरलं ते आईने मरेपर्यंत सांगितलं नाही. एवढंच कळलं की आपल्या सिमेटरीत नाही, बाप्तिस्मा न झालेल्यांना तिथे जागा नसायची. ती भीती माझ्या हाडांत आहे. मी स्टीलच्या वाटीत नळाचं पाणी घेतलं आणि तिच्या कपाळावर तीनदा घातलं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. मराठीत.

पाळण्यावर कॅमेरा आहे, बाळावर लक्ष ठेवायचा. बाजूच्या खोलीत कोंडलेली ओर्ला दिवसभर त्याच्या पडद्याकडे बघत पडलेली असायची. मी दोन महिने त्या कॅमेऱ्यावरची धूळ पुसत होते आणि त्या घटकेला मला त्याचं भान नव्हतं.

ती दाराआडून म्हणाली, "आयव्ही, आय सॉ दॅट." मग म्हणाली, "आय वॉज राइट हिअर. बिहाइंड द डोअर. यू कुड हॅव आस्क्ड मी."

ब्रायडीची गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. पुढच्या जानेवारीत ती ऐकली तेव्हा मी काय केलं होतं ते मला कळलं. ब्रायडीला कुणी विचारलं नाही, आणि मी ओर्लाला विचारलं नाही. मधे एक दार होतं फक्त, आणि हाक मारली असती तर पुरलं असतं. कदाचित ती हो म्हणाली असती. माझ्या भावाचं मी तिला नंतर सांगितलं, तर म्हणाली त्यांच्याकडेही अशा बाळांना कुंपणापलीकडेच पुरायचे. तिला सगळं समजलं असतं. मी संधीच दिली नाही.

ताप दुसऱ्या दिवशी उतरला. पाण्याने की पॅनाडॉलने, त्या वादात मी पडत नाही.

तुम्ही विचाराल, मग इतके दिवस सांगितलं का नाहीस? तुमची अट तर केव्हाच पूर्ण झाली होती. एका ओळीत मला घर मिळत होतं, इयानला बाप मिळत होता. हातात ती ओळ घेऊन मी एकोणीस महिने बसले. कारण ती ओळ मी चोरून मिळवलेली होती, आणि चोरीचा माल देऊन मला माझ्या घराची किल्ली विकत घ्यायची नव्हती. शिवाय तुम्ही जिंकला असतात. तेही मला नको होतं, खोटं कशाला बोलू?

हे पत्र पाठवण्याआधी मी ओर्लाला इंग्रजीत सांगून दाखवलं. तिने एक वाक्य गाळायला लावलं, ते गाळलंय. बाकीच्याला तिची परवानगी आहे.

आता तुमचं काय ते बघा. जिवाची भीती असेल तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं, म्हणजे तुमच्या नियमाने ती पोर तुमच्याइतकीच ख्रिस्ती आहे, आणि बाप्तिस्मा दुसऱ्यांदा होत नाही, हे फादरांनाही विचारा. केक रद्द करा. मी दोन एप्रिलला येते आहे, एकटी. व्हिसा संपत आलाय आणि मला माझं घर बघायचंय. परवानगी मागत नाही, कळवते आहे. ऑगस्टमध्ये इथे दुसरं बाळ येतंय, तेव्हा परत जाणार, तेही आत्ताच सांगून ठेवते. त्या बाळाच्या वेळी मी दार वाजवणार आहे.

तुम्हाला मात्र मी ओळखते. तुम्हाला चर्चच्या रजिस्टरात नोंद हवी असेल. नाव, तारीख, आईबापांची नावं, शाईने लिहिलेली. त्यासाठी फादर साक्षीदार मागतील. पाणी घालणारी मी, आणि मी तोंड उघडणार नाही, त्यांच्यासमोर नाही आणि बिशपांसमोर नाही. पाहणारी एकच आहे. ती साक्ष देईल की नाही मला माहीत नाही. मी तिला विचारलेलं नाही, विचारणारही नाही. ज्याला हवं त्याने विचारायचं.

तिचा नंबर ॲबीकडे आहे. पुढच्या आठवड्यात गुरुवारी सतरा तारीख, तिने सुट्टी घेतलीय. तुमच्या दुपारी दीड वाजता आम्ही सगळे जेवायला बसू, कॉर्कची मंडळीही टीव्हीवर असतील. फोन तिला करायचा, मला नाही, इयानला नाही. नोंदीचं लगेच काढायचं नाही. आधी तिला सेंट पॅट्रिकच्या सणाच्या शुभेच्छा द्यायच्या, नावाने हाक मारून, पहिलं वाचन करता त्याच आवाजात.

उपासकाळ चालू आहे, हे मला सांगू नका.

आयव्ही